ओबाताबाईंची हजेरी

सोलापुरात आल्यावर तिसऱ्याच दिवशी ओबाताबाईंनी आपल्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर हजेरी घेतली. ती सगळीच्या सगळी गैरसमजावर उभी होती, हे कळायला त्यांना पुढे तीन महिने लागले.

ओबाताबाई जपानच्या. वय एकसष्ट, उंची बेताची, चालणं तुरुतुरु. जुळे सोलापूर या उपनगरातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजाने त्यांना मुलींना जपानी शिकवायला बोलावलं होतं. शिकून तयार झालेल्या मुली जपानमधल्या एका वृद्धाश्रमात देखभालीच्या कामाला जाणार होत्या. तिकडे म्हातारी माणसं उदंड आणि करणारे हात नाहीत, इकडे हात उदंड आणि काम नाही, असा सरळ मामला होता.

पण बाई आल्या त्या वृद्धाश्रमासाठी नव्हे. त्या आल्या भरलेल्या वर्गासाठी. डोंगरातल्या त्यांच्या गावी त्यांनी एकाच शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. गावातली तरुण माणसं शहरात गेली, पोरं कमी होत गेली आणि शेवटच्या वर्षी हजेरीपटावर तीन नावं उरली. तीन नावं वाचायला वेळ तो किती लागणार? बाई मुद्दाम सावकाश वाचायच्या. ती तिघं पास होऊन गेली आणि शाळेला कुलूप लागलं. ते बाईंनी स्वतःच्या हाताने लावलं. म्हणून सोलापूरच्या पत्रात 'बावीस विद्यार्थिनी' असं वाचल्यावर त्यांनी तो आकडा तीनदा वाचला आणि बॅग भरायला घेतली.

तर तो तिसरा दिवस. बाईंनी हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव घेतलं.

"सोनाली?"

"हाय."

बाईंचा पेनाचा हात जागच्या जागी थांबला. जपानी भाषेत 'हाय' म्हणजे 'हो'. हजेरीला जपानी पोरं नेमकं हेच म्हणतात. त्यांच्या त्या शेवटच्या तीन पोरांनी वर्षभर हेच म्हटलं होतं. बाईंना तर सांगितलं होतं, मुली अगदी नवशिक्या आहेत, एक अक्षर येत नाही.

"पूनम?"

"हाय."

"हेमावती?"

यावर कुणी उठलं नाही. मग मघाचीच सोनाली उभी राहिली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "न्हाय."

आता मात्र बाईंना भरून आलं. जपानीत 'नाय' म्हणजे नसणं. माणसाबद्दल बोलताना खरं तर 'इनाय' म्हणावं लागतं, पण नवख्या पोरींकडून आणखी किती अपेक्षा करायची? बाईंनी येण्याआधी एका पुस्तकावरून थोडं मराठी केलं होतं. त्यात 'हे पुस्तक माझे आहे' होतं, 'ते पुस्तक तुझे नाही' होतं. 'हाय' आणि 'न्हाय' त्यात कुठेच नव्हतं. तेव्हा पोरींनी आपल्या स्वागतासाठी गुपचूप जपानी पाठ केलं, एवढाच अर्थ त्यांना लागला. त्यांनी हजेरीपट मिटला आणि वर्गाला कमरेत वाकून नमस्कार केला. बाईंचं काहीतरी खाली पडलं असेल म्हणून पहिल्या बाकावरच्या पोरी बाकाखाली शोधायला लागल्या.

हे सगळं दारातून आदिनाथ सर बघत होते. आदिनाथ सर कॉलेजचे कोऑर्डिनेटर. माणूस मनाने वाईट नव्हता, पण शुद्ध बोलण्याचा त्याला भारी सोस. हे स्वतः मूळचे मोडनिंबचे. 'व्हय' आणि 'न्हाय' म्हणतच लहानाचे मोठे झाले होते. पण इस्त्रीचा शर्ट अंगात घातला की आपल्या गावची भाषा कुणाच्या तोंडून ऐकली तरी काही लोकांना घाम फुटतो, त्यातले ते. बाई गेल्यावर त्यांनी पोरींना फैलावर घेतलं.

"हाय काय, न्हाय काय. परदेशी मॅडमसमोर असं गावंढळ बोलतात? उद्यापासून 'प्रेझेंट मॅडम' म्हणायचं. अशा बोलण्याने जपानवाले तुम्हाला दारात तरी उभं करतील का?"

दुसऱ्या दिवशी बाई सकाळपासून खुशीत होत्या. पट उघडला, नाव घेतलं, आणि सोनाली खाली मान घालून म्हणाली, "प्रेझेंट मॅडम." पूनम म्हणाली, "प्रेझेंट मॅडम." बावीसच्या बावीस जणी तेच म्हणाल्या. बाईंचा चेहरा उतरला. कालचं जपानी एका रात्रीत गेलं कुठे?

आपल्याकडे कुणीही सरळ विचारलं असतं, 'काय गं, काल म्हणत होतात, आज का नाही?' पण ओबाताबाईंच्या मुलखात असं सरळ विचारणं म्हणजे समोरच्याला भिंतीला टेकवणं. त्यांनी आपल्या परीने विचार केला आणि ठरवलं, की चूक आपलीच. पोरींनी एवढी मेहनत घेतली आणि आपण तोंडभरून कौतुक केलं नाही, पोरी दुखावल्या. दोन दिवस मनाशी घोकून त्या वर्गात उभ्या राहिल्या, पुन्हा कमरेत वाकल्या आणि पुस्तकातल्या मराठीत म्हणाल्या, "मला क्षमा करा. माझी चूक आहे."

वर्गाची पाचावर धारण बसली. बाई निघाल्या, असंच सगळ्यांना वाटलं. पूनमने तर रडायला सुरुवात केली. ती का रडते ते बाईंना कळेना, आणि बाई का वाकल्या ते पोरींना कळेना.

त्यानंतर वर्गाच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. पोरी वहीत सुंदर अक्षर काढायच्या, शब्द पाठ करायच्या, पण बोला म्हटलं की नजर जमिनीत. आपली भाषा गावंढळ ठरली, इंग्रजी येत नव्हतं, आणि जपानीत चूक झाली तर? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. त्यात पटावरची नावं गळायला लागली. एकीचं लग्न ठरलं, एकीला वडिलांनी परत नेलं. दसऱ्यापर्यंत बावीसच्या अठरा झाल्या. खोडलेल्या नावावरून बाई नजर झटकन पुढे न्यायच्या. हे सगळं त्यांनी एकदा पाहिलेलं होतं.

मग एक दिवस आदिनाथ सरांनी त्यांना ऑफिसात बोलावून सांगितलं, की जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आधी, वृद्धाश्रमाच्या संचालिका ऑनलाइन मुलाखती घेणार. मुलीने जपानीत बोलायचं आणि घरच्या मोठ्या माणसानेही समोर येऊन स्वतःच्या तोंडाने संमती द्यायची. दहा तरी मुली पक्क्या झाल्या पाहिजेत. "नाही झाल्या तर मॅडम, संस्था हा वर्ग बंद करणार," सर म्हणाले. "तुमचाही मग नाइलाज होईल."

म्हणजे पुन्हा कुलूप. ओबाताबाई ऑफिसातून बाहेर पडल्या तेव्हा त्यांना रिक्षा करायचंही भान राहिलं नाही. त्या उन्हातून चालत घरी आल्या.

घर म्हणजे बजाबाईंच्या घराचा वरचा मजला. बजाबाई साठीच्या, मुलगा-सून पुण्याला, त्यामुळे सगळी माया आणि सगळा अधिकार भाडेकरूवर. बाईंचं आडनाव ओबाता. त्यातला 'ओ' हा हाक मारायचाच असणार, असं धरून बजाबाई त्यांना 'ओ बाताबाई' म्हणत. आणि रोज विचारत, "ओ बाताबाई, जेवलाव का?" सुरुवातीला बाई जिन्यात उभं राहून काय काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते सगळं प्रामाणिकपणे सांगायच्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की प्रश्न जेवणाचा नाही. 'बरी आहेस ना' एवढाच आहे. तरी बजाबाई उत्तर ऐकून झाल्यावर भाकरी द्यायच्याच.

त्या दिवशी बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. फाटकाशी भाजीवाली आली. बजाबाईंनी विचारलं, "शेपू हाय का?"

"हाय की."

"आनि गवार?"

"गवार न्हाय."

ओबाताबाई ताडकन उठल्या. शेपू आहे का, हो, गवार, नाही. भाजीवालीला जपानी येतं? बजाबाईंना येतं? त्या खाली आल्या आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी एखाद्याला सरळ विचारलं.

"बजाबाई, 'हाय' म्हणजे काय आहे?"

बजाबाईंनी शेपूची जुडी हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. असला प्रश्न त्यांना जन्मात कुणी केला नव्हता. "हाय म्हंजे हाय," त्या म्हणाल्या. "आता ह्यात काय सांगायचं? मी हाय, तुमी हाय, शेपू हाय."

"आणि 'आहे'?"

"ते पुस्तकातलं. आपलं हाय."

बाई तिथेच भाजीच्या पाटीशेजारी बसल्या आणि हसायला लागल्या. म्हणजे त्या दिवशी पोरी जपानी बोलल्याच नव्हत्या. त्या आपल्या घरच्या भाषेत सांगत होत्या, 'मी आहे.' आणि नाव घेतल्यावर याहून खरं उत्तर कोणतं असणार? हसता हसता बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी बजाबाई घाबरल्या, ऊन लागलं म्हणून ओरडत आत पळाल्या आणि कांदा फोडून घेऊन आल्या. तो कांदा नाकाशी धरून ओबाताबाई आणखी पाच मिनिटं हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट उघडला. "सोनाली?"

"प्रेझेंट मॅडम."

बाईंनी मान हलवली. फळ्यावर जपानी अक्षरं काढली, आणि त्याखाली वळणदार देवनागरीत लिहिलं: हाय. मग तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं, की जपानमध्ये नाव घेतलं की हेच म्हणतात. मोठ्या शहरात हेच, खेड्यात हेच, मंत्रीसुद्धा हेच. पहिल्या हजेरीला तुम्ही बोललात ते अगदी शुद्ध होतं.

सोनालीने हळूच विचारलं, "बाई, खरंच? जपानमदी बी 'हाय' म्हंत्यात?"

"खरंच. आणि तू शेवटी 'का' म्हणालीस, तर प्रश्न होतो. आमच्याकडे पण शेवटी 'का'च."

"मंग आमाला निम्मं येतंयच की," सोनाली म्हणाली आणि वर्ग असा काही हसला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

बाईंनी पुन्हा हजेरी घेतली. एकेक पोरगी छाती काढून 'हाय' म्हणत होती. आवाज ऐकून आदिनाथ सर धावत आले. "काय चाललंय हे? मी काय सांगितलं होतं?"

"जपानी, सर," पूनम म्हणाली.

सरांनी बाईंकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं. बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. "असं हाय व्हय?" सर म्हणून गेले आणि जीभ चावली. पण वर्ग आता कुणाला ऐकतो? शेवटी ते स्वतःही हसले. मोडनिंबचा माणूस इस्त्रीच्या शर्टातून दोन बोटं बाहेर आला, आणि खरं सांगायचं तर तो जास्त बरा दिसत होता.

तिथून वर्ग सुटला. पोरी चुकत होत्या, चुकल्यावर हसत होत्या आणि पुन्हा बोलत होत्या. बाई 'ने' शिकवायच्या. जपानी माणसं वाक्याच्या शेवटी 'ने' जोडून बोलणं मऊ करतात. पोरींनी लगेच सांगितलं, "बाई, हे आमचं 'की'. चला की, बसा की." बदल्यात त्यांनी बाईंना भाकरी चुरून आमटीत कालवायला शिकवलं. शेंगाचटणीवर दही घ्यायचं असतं हेही शिकवलं, पण त्याआधी नुसती चटणी खाऊ देऊन मजा बघितली. बाई लालबुंद होऊन म्हणाल्या, "तिखट हाय की." त्या दिवशी टाळ्या पडल्या.

फक्त घरच्यांच्या संमतीचं घोडं पेंड खात होतं. अठरा पोरींतल्या निम्म्याहून जास्त मंद्रूपच्या बाजूच्या, एकमेकींच्या नात्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या. त्यांच्या आयांमध्ये म्हाळसाबाईंचा शब्द चाले. म्हाळसाबाई म्हणजे सोनालीची आई. ती पाठवील तर बाकीच्या पाठवतील, ती नाही म्हणाली तर कुणीच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी ओबाताबाई सोनालीच्या गाडीवर मागे बसून मंद्रूपला गेल्या.

म्हाळसाबाई काटक, बोलायला कमी, कपाळावर आडवा भंडारा. त्यांनी बाईंना घोंगडीवर बसवलं, दूध दिलं, एक कोकरू मांडीवर आणून ठेवलं. बाईंनी धीर करून विचारलं, "सोनालीला जपानला पाठवाल का?"

म्हाळसाबाई मेंढरांकडे बघत म्हणाल्या, "बघू की."

परत येताना बाईंना आनंद मावत नव्हता. 'की' लागला म्हणजे गोष्ट पक्की, हे त्यांना एव्हाना माहीत झालं होतं. हाय की, येतो की, देतो की. सोनालीने गाडी बाजूला घेतली.

"बाई, समदे 'की' तसेच न्हाय. 'बघू की' म्हंजे न्हाय."

"नाही?"

"न्हाय म्हनायला बरं वाटत न्हाय, म्हनून बघू की."

बाईंच्या देशात लोक नाही म्हणायच्या ऐवजी नेमकं हेच म्हणतात, 'विचार करू.' सात समुद्र ओलांडून आल्या आणि त्याच भिंतीला येऊन धडकल्या.

मुलाखतीचा दिवस उजाडला. वर्गात टेबलावर लॅपटॉप, समोर दोन खुर्च्या. व्हरांड्यात पोरींच्या आया, कुणाच्या मावशा, सगळ्या भिंतीला टेकून ओळीने बसलेल्या, आणि खिडकी सताड उघडी. बाईंना उत्तरं सुचवायला बंदी होती. घरच्या माणसांचं बोलणं तेवढं त्यांनी भाषांतर करून सांगायचं होतं. पहिली सोनाली.

सोनाली सुरेख बोलली. पडद्यावरच्या संचालिका, पांढऱ्या केसांच्या, ऐकताना मान डोलावत होत्या आणि जपानी माणसांच्या सवयीप्रमाणे मध्ये मध्ये "हाय, हाय" म्हणत होत्या. व्हरांड्यात कुजबुज झाली. "आगं, ती बी हाय म्हंती." "आपल्याच गावची दिसती." म्हाळसाबाईही मान उंच करून बघायला लागल्या.

मग त्यांना आत बोलावलं. त्या खुर्चीवर टेकल्या, पदर सारखा केला. अठरा नावं या एका बाईच्या जिभेवर होती, आणि ती काय म्हणणार हे बाईंना मंद्रूपलाच कळलं होतं.

संचालिकांनी सगळ्यांना विचारायचा ठरलेला प्रश्न विचारला. जपानीत विरोधाला 'हानताइ' म्हणतात. विरोध नाही ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"हानताइ वा नाय देस का?"

बाईंनी भाषांतरासाठी तोंड उघडलं. त्याआधीच म्हाळसाबाई बोलून मोकळ्या झाल्या.

"देते की. का न्हाय देऊ? सांबाळा म्हंजे झालं."

बाई तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. नाय देस का. नाही देत का, मुलगी? म्हाळसाबाईंनी प्रश्न मराठीत ऐकला होता आणि मराठीत उत्तर दिलं होतं. पडद्यावरून संचालिका अपेक्षेने बघत होत्या. बाईंनी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "त्या म्हणतात, देते. मुलीला सांभाळा." संचालिका खुर्चीतून उठल्या आणि पडद्यावरच कमरेत वाकल्या. म्हाळसाबाईंनी हात जोडले.

"दिली," खिडकीतून कुणीतरी मागे सांगितलं. "म्हाळसाबाईनं दिली."

मग काय, रांगच लागली. प्रत्येक आई आत यायची आणि प्रश्न पुरा व्हायच्या आधी म्हणायची, "देते की." हेमावतीची मावशी तर दारातूनच म्हणाली. दुपारपर्यंत तेरा पोरी पक्क्या झाल्या. आदिनाथ सरांनी पेढे मागवले आणि पहिला पेढा ओबाताबाईंच्या हातावर ठेवला.

बाईंनी तो टेबलावर ठेवला. चौतीस वर्षांत त्यांनी एकही खोटी हजेरी लावली नव्हती. वर्गात नसलेल्या पोराला कधी हजर दाखवलं नव्हतं, शाळा बंद पडत असतानासुद्धा. आणि आता एका आईच्या हातून तिची मुलगी चुकीच्या ऐकण्यावर घ्यायची?

"सर, म्हाळसाबाईंना सांगितलं पाहिजे. त्यांना वेगळा प्रश्न कळला."

सरांचा पेढा हातातच राहिला. "मॅडम, आता कशाला उकरून काढताय? झालं ते चांगलंच झालं की. त्या मागं फिरल्या तर बाकीच्या बाराही फिरतील. वर्ग जाईल. तुम्ही जाल."

"हो," बाई म्हणाल्या. "तरी सांगायचं."

त्यांनी म्हाळसाबाईंना वर्गात परत बोलावलं. सोनालीला म्हणाल्या, तूच सांग, माझं मराठी पुरणार नाही. सोनालीने एकदा बाईंकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं, तिचं जपान त्या एका वाक्यावर होतं. तरी तिने सांगितलं.

"आये, तुला काय इचारलं कळालं का?"

"न कळायला काय झालं? पैलं कायतरी हानताय म्हनली, कुनाला हानताय ते न्हाय कळालं. फुडचं कळालं. न्हाय देस का, म्हनली."

"तसं न्हाय आये. 'हानताइ' म्हंजे इरोध. तुजा इरोध न्हाय ना, असं इचारलं त्यांनी."

खिडकीत बाकीच्या आया येऊन उभ्या राहिल्या होत्या. आदिनाथ सर डोळे मिटून बाकावर बसले.

"इरोध?"

"व्हय."

"इरोध हाय की," म्हाळसाबाई म्हणाल्या.

बाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

"लई हाय," म्हाळसाबाई सावकाश बोलत होत्या. "एवडी मोटी केलेली पोर. तितं परक्या मुलखात तिनं हाक मारली तर ओ कोन देनार? इरोध हाय का म्हनून इचारलं असतं, तर हाय म्हनले असते, आनि पोरीला घिऊन मंद्रूपची गाडी धरली असती. सा म्हैने झाले, समदी तेच इचारत्यात. हिचा बाप, चुलते, हे सर. इरोध हाय का, अडचन हाय का. हाय म्हनलं की गप बसत्यात. देतीस का, म्हनून कुनीच इचारलं न्हाय मला. त्या बाईनं इचारलं. मंग मनात डोकावून बगितलं, तर म्या कवाच देऊन बसले हुते."

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"आता काय? दिलं ते दिलं. दिलेलं परत घेत्यात व्हय?"

खिडकीतल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने नाक पुसलं, एक म्हणाली, "माजं बी तसंच हाय," आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. सोनाली आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसतही होती आणि रडतही होती. आदिनाथ सरांचा जीव भांड्यात पडला, आणि हातातला पेढा त्यांनी एकदाचा तोंडात टाकला.

म्हाळसाबाई मात्र अजून ओबाताबाईंकडेच बघत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमाला कुनी दिलं वो, हिकडं?"

बाईंना आधी प्रश्न कळला नाही. सोनालीने समजावून सांगितला. बाईंनी विचार केला. आईवडील जाऊन वर्षं झाली होती. बहीण फोनवर अजून रागवायची. शाळा नव्हती, गावही नसल्यासारखंच.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "माझी मीच आले."

"आसं कसं?" म्हाळसाबाईंना ते पटलं नाही. मंद्रूपात कुठलीही बाई कुठून कुठे अशी आपली आपण येत नाही. कुणीतरी द्यावं लागतं आणि कुणीतरी घ्यावं लागतं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि ओबाताबाईंच्या कपाळाला लावला.

"दिलं नसंल कुनी," त्या म्हणाल्या. "आमी घेतलं म्हना."

ओबाताबाई कमरेत वाकायला गेल्या, तर म्हाळसाबाईंनी त्यांना मध्येच धरून सरळ उभं केलं आणि जवळ ओढलं. बाहेर आयांनी पेढ्यांचं खोकं हातोहात फिरवायला घेतलं, आणि आदिनाथ सर सगळ्यांसाठी चहा सांगायला स्वतः कॅन्टीनमध्ये गेले.